भिंती त्याच, प्रदर्शने नवी : सार्वजनिक कलादालनाचा कार्यक्रम ठरवतो कोण?

मल्लेश्वरम (बंगळुरू) : व्यंकोजी भोसले यांच्या १६६९ मधील दानाचा शिलालेख जपणाऱ्या काडू मल्लेश्वर मंदिरामुळे मल्लेश्वरमची मराठी इतिहासाशी जुनी ओळख आहे. १८९८ च्या प्लेगनंतर आखीव वसाहत म्हणून वाढलेल्या या भागातील कलारसिकांना तीन सार्वजनिक कलादालने जवळ आहेत. पॅलेस रोडवरील माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, कुमारकृपा रोडवर कर्नाटक चित्रकला परिषद आणि कस्तुरबा रोडवर व्यंकटप्पा कलादालन आहे. तिन्ही ठिकाणी कायमस्वरूपी संग्रह असला तरी रसिकांना पुन:पुन्हा तेथे खेचून आणतात ती तात्पुरती प्रदर्शने. ही प्रदर्शने कोण आणि कोणत्या निकषांवर ठरवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रदर्शने बदलावी का लागतात?

पहिले कारण जागेचे. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात एका वेळी मांडता येतात त्या कलाकृती एकूण संग्रहाचा लहानसा भाग असतात. उर्वरित भांडारात राहतात. दुसरे कारण जतनाचे. जलरंगातील चित्रे, रेखाटने आणि जुनी छायाचित्रे प्रकाशाने फिकी पडतात. त्यामुळे ती सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात, तीही काही महिनेच मांडून नंतर अंधाऱ्या भांडारात विसाव्याला ठेवण्याचा प्रघात आहे. तिसरे कारण अभ्यासाचे. एखाद्या कलावंताचे विखुरलेले काम एकत्र आल्याखेरीज त्याच्या वाटचालीचे आकलन होत नाही.

प्रदर्शनांचे प्रकार

स्वतःच्या संग्रहातून विषयवार मांडणी करणे हा तुलनेने कमी खर्चाचा प्रकार. सिंहावलोकनी प्रदर्शन सर्वांत कष्टाचे. त्यासाठी खासगी संग्राहकांकडून चित्रे उसनी आणावी लागतात. प्रत्येक चित्राच्या स्थितीची नोंद, भिंतीवरून उतरवल्यापासून परत टांगेपर्यंतचा विमा आणि वाहतूक यांत महिने जातात. फिरते प्रदर्शन एका शहरात तयार होऊन दुसऱ्या शहरात जाते. चौथा प्रकार भाडेतत्त्वावरील दालनाचा. येथे कलावंत स्वतः शुल्क भरून काही दिवसांसाठी भिंती घेतो.

बंगळुरूत हे प्रकार वेगवेगळ्या संस्थांत विभागले गेले आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रकला परिषदेत चामड्याच्या बाहुल्या व रोरिक यांच्या चित्रांच्या संग्रहाबरोबर भाड्याची दालनेही आहेत. शिवाय दर जानेवारीत 'चित्रसंते' हा रस्त्यावरचा चित्रबाजार भरतो. अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य के. व्यंकटप्पा (१८८६-१९६५) यांच्या नावाचे दालन अल्प शुल्कामुळे नवोदितांचा आधार ठरले. २००९ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय संग्रहालयाचे केंद्र सिंहावलोकनी आणि फिरत्या प्रदर्शनांसाठी ओळखले जाते. उडुपीजवळ जन्मलेले आणि मुंबईत घडलेले के. के. हेब्बार यांचे जन्मशताब्दीच्या निमित्ताने प्रदर्शन तेथे झाले होते.

निर्णय कोणाचा?

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मुख्यालय दिल्लीत, तर केंद्रे मुंबई व बंगळुरूत आहेत. या दोन्ही केंद्रांना स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या होत्या. प्रदर्शनांची निवड करण्यात त्यांचा वाटा असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये या समित्यांचे काम थांबले.

हा विषय चव्हाट्यावर आला तो मुंबईत. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अभिनेते व चित्रकार अमोल पालेकर यांनी समित्या संपुष्टात आल्याबद्दल आणि निर्णय दिल्लीत एकवटण्याबद्दल चिंता व्यक्त केली. आयोजकांनी त्यांना वारंवार थांबवून केवळ बरव्यांविषयी बोलण्यास सांगितले. पालेकरांना भाषण आटोपते घ्यावे लागले. समित्यांची मुदत संपली असून त्या नव्याने स्थापन केल्या जातील, असा खुलासा नंतर संग्रहालयाकडून करण्यात आला. चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याभोवती रंगली. भाषणाचा मूळ मुद्दा, म्हणजे मुंबई आणि बंगळुरूच्या भिंतींवर काय लागावे हे त्या शहरांतील जाणकारांनी ठरवावे की नाही, हा मागे पडला.

बंगळुरूला हा वाद नवा नव्हता. व्यंकटप्पा कलादालन दत्तक योजनेखाली एका खासगी प्रतिष्ठानाकडे सोपवण्याचा करार राज्य सरकारने २०१५ मध्ये केला, तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले. पडकी अवस्था, अपुरी देखभाल हे वास्तव त्यांनाही मान्य होते. पण व्यवस्थापन बदलले तर सामान्य चित्रकाराला परवडणाऱ्या भिंती हातच्या जातील, ही त्यांची भीती होती. अखेर ती योजना मागे पडली.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे. केंद्रीय नियोजनामुळे मोठा संग्रह लहान केंद्रांपर्यंत पोहोचू शकतो, तर खासगी सहकार्यातून गळक्या छपरासाठी पैसा उभा राहतो. परंतु बरव्यांसारख्या कलावंताचे काम कोणत्या घरात आहे, त्याचे सोबती कोण होते, त्याच्यावर अजून काय लिहिले गेलेले नाही, हे त्याच्याच शहरातील माणसांना ठाऊक असते. सिंहावलोकनी प्रदर्शने या माहितीवरच उभी राहतात.

त्यामुळे कलादालनाच्या फलकावर पुढील प्रदर्शनाचे नाव वाचताना ते कोणी निवडले, हेही विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. भिंती सार्वजनिक पैशाच्या असतील, तर निवडीची प्रक्रियाही सार्वजनिक असणे अपेक्षित आहे.