ससेपालनाचा आरंभ कोणत्या ऋतूंत करावा?

ससे पाळावे काय, असें विचारणाऱ्या शेतकरी बंधूंस आम्ही उलट एकच प्रश्न करितों : वैशाखांत दुपारीं आपल्या गोठ्यांत पारा कोठवर चढतो? छत्रपति संभाजीनगराकडे उन्हाळ्यांत तो ४० अंशांवर जातो. सशास सुखाची हवा १५ ते २५ अंशांची. त्यास घाम जवळजवळ येत नाहीं. अंगांतील उष्णता बरीचशी लांब कानांवाटे निघते. पत्र्याच्या छपराखालीं जोडी कशीबशी तगली, तरी वीण होत नाहीं.

याचा दोष नवा पाळणारा मादीस देतो व तिला वांझ ठरवून विकून टाकतो. वस्तुतः तो बहुधा नराचा असतो. पारा तिसांपलीकडे बरेच दिवस राहिला म्हणजे नराचें वीर्य निःसत्त्व होतें आणि नवें सकस वीर्य तयार होण्यास सुमारें सात आठवडे लागतात. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली, तरी नर श्रावणापर्यंत निरुपयोगी राहूं शकतो. म्हणून आरंभ दिवाळीच्या सुमारास करावा. एक नर व तीन माद्या पुरेत. निंबाच्या सावलींत गवती छप्पर घालावें व पिंजऱ्याचा तळ जाळीचा ठेवावा. लेंड्या सांचल्या कीं पिल्लांस हगवणीचा रोग जडतो. लोकरीचा अंगोरा ससा कुलूकडील थंडींतला, तो येथें आणूंच नये.

मादीस नराच्या पिंजऱ्यांत न्यावें, नरास मादीच्या नव्हे; आपल्या जागेंत ती परक्यास चावते. गाईप्रमाणें तिच्या माजाची ठराविक पाळी नसते, संयोगानंतरच बीज सुटतें. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा. अठ्ठाविसाव्या दिवशीं वाळलें गवत घातलेली पेटी आंत ठेवावी. मादी पोटाचे केस उपटूं लागली तर तो आजार समजूं नये. ती पिल्लांचें अंथरूण करीत असते. पिल्लें नागडीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. आई दिवसांतून बहुधा एकदांच, तेंहि दोनचार मिनिटें, पाजते व दूर जाऊन बसते. आरंभीं आम्हीहि यानें घाबरून पिल्लें वारंवार हाताळलीं आणि तें वेत गमावलें. पोट गोल दिसलें म्हणजे दूध मिळालें असें समजावें.

शेतांत सांपडलेला ससा मात्र वेगळ्याच जातीचा. त्याची पिल्लें केसाळ व उघड्या डोळ्यांचीं जन्मतात. पाळीव सशाशीं त्याचा संकर होत नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास धरण्याची मनाई आहे.

चाऱ्यास लसूणघास, हरळी व भरपूर वाळलें गवत द्यावें. सुबाभूळ बेतानें, कारण तिच्यांत विषारी अंश असतो. राहिला विक्रीचा प्रश्न. महाग जोड्या देऊन ‘पिल्लें आम्हीच परत घेऊं’ म्हणणारे भेटतात. २०१२ सालीं तमिळनाडूंत इमूच्या व २०१९ सालीं महाराष्ट्रांत कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच करारांत अनेकांचे पैसे बुडाले. विसार देण्यापूर्वीं, करार बाजूस ठेवून, आपल्याच तालुक्यांत पिल्लें रोख घेणारीं दोन गिऱ्हाइकें स्वतः शोधावीं. तीं न मिळालीं तर विसार देऊं नये.