सातव्या पिनचे मौन

कापूस वेचणीला आला की अकोटच्या रस्त्यांवर जुन्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. अशाच एका हंगामात एक डिझेल पिकअप धापा टाकत गॅरेजात शिरली. रिकामी असताना ती निमूट चाले. पण माल भरून पोपटखेडच्या बाजूचा चढ लागला की तिचा दम तुटे आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटे. मालकाचा घोष एकच होता, "मिस्त्रीभाऊ, कसंबी करा, पण उद्या गाडी पाह्यजे."

मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात आपला छोटा कोड रीडर खोवला आणि चावी फिरवली. रीडरवर साधी बत्तीही लागली नाही. पहिला संशय अर्थातच रीडरवर गेला. शेजारी उभ्या असलेल्या कारला तो लावताच मात्र तो झटकन जागा झाला. मग बॅटरीवर आळ आला. ती बदलून पाहिली, तीही निर्दोष सुटली. दुपार सरली, गाडी होती तिथेच.

कोंडी फुटली ती अपघातानेच. हाताखालचा पोरगा केबिनमध्ये मोबाइल चार्जिंगला लावून बसला होता. थोड्या वेळाने तो कुरकुरला, "उस्ताद, इथं चार्जिंगच होत नाही ना जी!" मिस्त्रीचा हात थबकला. अनेक गाड्यांत चार्जरचे सॉकेट आणि तपासणीचे सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. त्याने झाकण उघडले: फ्यूज जळालेला. नवा बसवला, तोही क्षणात उडाला! टॉर्च मारून चार्जरच्या भोकात डोकावल्यावर गुन्हेगार सापडला. तळाशी एक रुपयाचे नाणे आडवे पडून शॉर्ट करत होते. फ्यूज काढून, लाकडी काडीने ते उकरून काढले. पुन्हा फ्यूज घातला आणि रीडरची बत्ती लागली.

आनंद औटघटकेचा ठरला. रीडर जागा होता, पण इंजिनच्या संगणकाशी त्याची गाठ पडेना. स्क्रीनवर पुन्हा पुन्हा तेच: लिंक नाही.

इथे या सॉकेटची वंशावळ सांगायला हवी, कारण ती मोठी चमत्कारिक आहे. तिचा उगम लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्यात आहे. कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाची रासायनिक उकल करणाऱ्या आरी हागेन-स्मित या डच शास्त्रज्ञाने 1950च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून हे धुरके तयार होते. त्यावर टीकेची झोड उठली, तरी गडी हटला नाही. पुढे तो कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. याच मंडळाने 1988च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःचे दोष स्वतः नोंदवायला लावले आणि 1996पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे ही सक्ती भारत स्टेज-4च्या काळात आली आणि ते मानक देशभर लागू व्हायला 1 एप्रिल 2017 उजाडला. अकोटची ही पिकअप त्याआधीची. सॉकेट तेच, पण आतली बोली कंपनीची.

मिस्त्रीने हेच ताडले: स्वस्त रीडरला ही बोली कळत नसावी. अकोल्याहून एका परिचिताचा मोठा स्कॅनर आला. त्यात या मॉडेलचे नाव होते, वर्ष होते. सगळे निवडून बटण दाबले. तोही मुका! मालक हताशपणे म्हणाला, "आता मशीन खराब हाय, का गाडी?"

मिस्त्रीने उत्तर दिले नाही. त्याने स्कॅनर बाजूला ठेवला आणि मल्टिमीटर उचलला. माझ्या मते त्या दिवसाचा खरा शोध या हालचालीत आहे. सोळाव्या पिनवर बॅटरीचा दाब पुरेपूर मिळाला. चौथ्या व पाचव्या पिनचे अर्थिंग पक्के निघाले. उरली सातवी, या जुन्या गाडीत निरोपांची ने-आण करणारी. बॅटरीची तार सोडवून त्याने एक टोक सातव्या पिनला आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला लावले. मीटर किंचाळला. निरोपाची तार कुठेतरी थेट पत्र्याला चिकटली होती!

डॅशबोर्ड उतरू लागला. तारांचा जुडगा हाताने चाचपत मिस्त्री म्युझिक सिस्टिमपर्यंत पोहोचला आणि एकदम ओरडला, "सापडला!" कोणीतरी हौसेने सिस्टिम बसवताना स्क्रू थेट जुडग्यात घुसवला होता. इंजिन चालायला ही तार लागत नसल्यामुळे इतके दिवस कुणाला पत्ताच नव्हता. स्क्रू निघाला, मीटर गप्प झाला, तार जोडून टेप गुंडाळली गेली. अकोल्याच्या स्कॅनरवर अक्षरे उमटली: पी-0087. इंधनाच्या रेलमधला दाब कमी.

मालकाला वाटले, आता पंपच गेला. मिस्त्री मात्र कोडला निकाल मानणाऱ्यांतला नव्हता. दाब पंपाने घटतो, इंजेक्टरने घटतो, तुंबलेल्या फिल्टरनेही घटतो. त्याने सर्वांत स्वस्त संशयितापासून सुरुवात केली. डिझेल फिल्टर सोडवला तर तळाशी पाणी आणि काळा गाळ. नवा फिल्टर बसला, पाइपांतली हवा काढली. तरीही कोड पुसायला त्याने नकार दिला. आधी माल भरलेली गाडी, स्कॅनर जोडलेलाच ठेवून, पोपटखेडच्या चढावर नेली. तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण जोरात, दाबाचा आकडा ढळला नाही. तिथेच, गाडी कडेला घेऊन, त्याने तो कोड पुसला.