गळू द्या दोन थेंब

गेटवेसमोरच्या शिडाच्या बोटी पावसाळ्यानंतर पुन्हा पाण्यात उतरल्या की मला एक ठरलेला फोन येतो. "अरे, ग्लँड गळतोय. आवळला, तरी थेंब येतोच. आणखी आवळू का?" दरवर्षी बोलणारा वेगळा असतो, प्रश्न मात्र अक्षरशः तोच. यंदा मी उलट विचारलं, "मिनिटाला किती थेंब?" पलीकडे शांतता. मोजले कुणी होते?

ज्यांनी हा ग्लँड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिडाच्या बोटीलाही छोटं डिझेल इंजिन असतं. वारा पडल्यावर आणि बंदरात शिरताना त्याच्याशिवाय चालत नाही. इंजिन आत, पंखा बाहेर, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट पाण्याच्या पातळीखाली बोटीच्या अंगातून आरपार गेलेला. फिरत्या शाफ्टभोवतीची ही फट बुजवायला ब्राँझची एक वाटी असते. तिच्यात चौकोनी दोरीच्या तीन-चार कड्या बसवतात आणि वरून नट आवळून त्या दाबतात. पूर्वी ही दोरी अळशीच्या धाग्याची, चरबी नि मेण मुरवलेली असे. आता टेफ्लॉन मुरवलेलीही मिळते. बोटवाले या सगळ्या प्रकरणाला नुसतं 'ग्लँड' म्हणतात.

गैरसमज असा, की थेंब म्हणजे बिघाड.

वस्तुस्थिती अशी, की शाफ्ट फिरत असताना आत झिरपणारं पाणीच त्या कड्यांचं वंगण असतं आणि तेच त्यांना थंडही ठेवतं. विहिरीवर डिझेल इंजिनाला जोडलेला जुना पंप ज्यांनी चालवलाय, त्यांना हे शिकवावं लागत नाही. त्याचा ग्लँड थेंब-थेंब गळायलाच हवा, नाहीतर पॅकिंग जळतं, हे गावचा मिस्त्री डोळे मिटून सांगेल. त्याच गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत येऊन बोट घेतो आणि तोच थेंब पाहून त्याला घाम फुटतो!

आता जरा हिशेब करू. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब हे नेहमीचं प्रमाण. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब मावतात. मिनिटाला ३ थेंब धरले आणि सलग ५ तास इंजिन चालवलं, तर ९०० थेंब झाले, म्हणजे ४५ मिलिलिटर. चहाचा अर्धा कप. एवढ्यासाठी लोक हातभर लांबीचा पाना घेऊन बोटीच्या पोटात उलटे लटकतात.

आणि आवळल्यावर काय होतं? थेंब थांबतो, मालक खूश होतो. आत मात्र कोरडी कडी शाफ्टवर घासत राहते, तापते, कडक होते. कडक झालेली कडी नीट दाबली जात नाही, म्हणून पुन्हा गळते. मग पुन्हा पाना. दोन मोसमांत शाफ्टवर चर पडतो. नखाला लागेल एवढा चर पडला की नवी दोरी घालूनही उपयोग नसतो, कारण पाणी चरातून येतं. मुंबई बंदराचं पाणी गढूळ, त्यातला बारीक गाळ कड्यांत अडकून हे काम आणखी लवकर उरकतो. दहा इंच दोरीच्या पैशांत भागणारी गोष्ट नव्या शाफ्टपर्यंत जाते ती अशी.

पटत नसेल तर नायजेल कॅल्डर यांचं 'बोटओनर्स मेकॅनिकल अँड इलेक्ट्रिकल मॅन्युअल' उघडून पाहा. चालत्या ग्लँडने थोडं गळलंच पाहिजे, हे तिथेही आहे. त्याहून सोपी परीक्षा हाताची. तासभर इंजिन चालवा, बंद करा आणि ग्लँडला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट थोडा सैल करा. नट फिरवायचा तो एका वेळी षटकोनाच्या एका बाजूएवढाच. मग इंजिन चालवून पुन्हा पाहायचं. घाई इथे चालत नाही.

घाबरायचंच असेल तर योग्य जागी घाबरा. बोट नांगरावर उभी आहे, शाफ्ट स्थिर आहे आणि तरीही थेंब पडतोय, याकडे लक्ष हवं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरांहून जास्त पाणी, आणि पुढच्या रविवारपर्यंत बोटीवर कुणीही फिरकणार नसतं. अमेरिकेतली बोटमालकांची संस्था 'बोटयूएस' आपल्या विम्याच्या दाव्यांवरून अनेकदा सांगत आली आहे, की भर समुद्रात बुडणाऱ्या बोटींपेक्षा धक्क्याला बांधलेल्या बोटी जास्त बुडतात. (शिडावर जाताना इंजिन बंद असूनही थेंब दिसला तर दचकू नका, पाण्याच्या ओढीने पंखा फिरत असतो, म्हणजे शाफ्टही फिरतोय.)

ग्लँड बोटीला जोडलेला असतो तो जाड रबरी होजने, आणि खरा धोका तिथे आहे. थेंब मोजणारे या होजकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रबराला भेगा पडल्यात का, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा आहेत का, क्लिपेचा पट्टा स्टेनलेस असला तरी तिचा स्क्रू साध्या लोखंडाचा तर नाही ना? खिशात लोहचुंबक ठेवा, स्क्रू जोरात चिकटला तर क्लिप बदला. हा होज निसटला तर मिनिटाला ५०-६० लिटर पाणी सहज आत येईल. "बिल्ज पंप आहे ना!" म्हणणाऱ्यांनी बोटीच्या पोटातलं पाणी उपसणाऱ्या त्या पंपाच्या खोक्यावरचा आकडा वाचावा. तासाला २,००० लिटर म्हणजे मिनिटाला ३३, तोही बॅटरी भरलेली असताना आणि पाणी फारसं वर चढवायचं नसताना.

दुसरा लाडका समज: न गळणारं सील बसवलं की कटकट संपली. अशा सीलमध्ये शाफ्टबरोबर फिरणारी स्टेनलेस चकती आणि स्थिर कार्बनची चकती एकमेकींवर टेकलेल्या असतात, आणि रबरी भाता त्यांना दाबून धरतो. उत्तम चीज आहे, बोटीचं पोट कोरडं राहतं. पण भाता रबराचाच. 'पीएसएस' सील बनवणारी कंपनी तो दर सहा वर्षांनी बदला म्हणते आणि आपल्याकडे सील बसवल्याचं साल कुणी लिहून ठेवत नाही. शिवाय बोट पाण्यात उतरवल्यावर आत अडकलेली हवा बाहेर काढावी लागते. सीलला हवेची नळी नसेल तर भाता हाताने मागे ओढून पाणी येऊ द्यायचं, नाहीतर चकत्या कोरड्या घासतात. शाफ्टला रबरी ओठ टेकवून पाणी अडवणारं 'लिप सील' घेतलंत तर त्यालाही हेच लागू, वर अधूनमधून चिमूटभर ग्रीज. हे ओठ गाळाने लवकर झिजतात.

माझं मत विचाराल तर, वर्षातून दहा वेळा बाहेर पडणाऱ्या आणि स्वतः पोटात उतरणाऱ्या माणसाला जुना ग्लँडच बरा. तो बिघडतो तोही सावकाश, चाहूल देऊन. फाटलेला भाता तेवढी सवड देत नाही. इंजिन शाफ्टच्या रेषेत नसेल आणि थरथरत असेल, तर मात्र कुठलंच सील टिकणार नाही. आधी इंजिनाचे माउंट पाहा.

उरलेले समज भराभर. दोरी स्प्रिंगसारखी सलग गुंडाळायची नसते; प्रत्येक कडी वेगळी, तिरपी कापून, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे बसवायचे. दोरी बदलायला बोट बाहेर काढावीच लागते असंही नाही, बाहेरून फट चिंधीने बुजवून पाण्यातच काम होतं, फक्त हाताशी माणूस हवा. आणि नागदेवी स्ट्रीटवर नुसती 'ग्लँड डोरी' मागाल तर बॉयलरची अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी हातात पडू शकते. शाफ्ट आणि वाटी यांमधलं अंतर मोजून न्या आणि बोटीसाठी हवी म्हणून सांगा.

पावसाळाभर किनाऱ्यावर राहिलेल्या बोटीतली अळशीची दोरी वाळते. ऑक्टोबरात पाण्यात उतरल्यावर पहिल्या दिवशी ती जास्त गळणारच. दोरी पुन्हा फुगेपर्यंत बोटीवर थांबा, पाणी उपसा आणि पाना पेटीतच राहू द्या.