नारळी पौर्णिमेआधीचे मिठाचे व्रत

श्रावण शुद्ध पौर्णिमेस सागरतीरी वाद्ये वाजू लागतात. सोनेरी कागदाने मढविलेला नारळ मिरवीत कोळी बांधव किनाऱ्यावर येतात, नौकांची पूजा करतात आणि दर्यास श्रीफळ अर्पण करून त्याच्या प्रसन्नतेची याचना करतात. आपणां दूरस्थांस या सणाचा एवढाच भाग दिसतो. परंतु या एका दिवसामागे कोळी गृहिणीचे कित्येक महिन्यांचे कष्ट उभे असतात. ते कष्ट मिठाचे आणि उन्हाचे आहेत.

प्रस्तुत लेखकास हे उशिराच उमगले. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी उत्तर कोकणातील एका कोळीवाड्यात कीर्तनाचे निमंत्रण आले होते. वैशाखाचे दिवस होते. यजमानांच्या अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मी जन्माने व आचाराने शाकाहारी. तो दर्प सोसवेना. उपरणे नाकास लावून मी अंगणात बसण्याचे नाकारले. घरातील वृद्ध आजी शांतपणे म्हणाल्या, ‘‘बुवा, पावसाळ्यात दर्याला आम्ही हात लावत नाही. तेव्हा लेकरांच्या पोटाला हेच असतं.’’

त्या रात्री माझे आख्यान होते धर्मव्याधाचे! महाभारताच्या वनपर्वातील ही कथा भाविकांस ठाऊक आहेच. तपाचा अभिमान बाळगणारा कौशिक ब्राह्मण एका पतिव्रतेच्या सांगण्यावरून मिथिलेस जातो आणि मांसविक्रय करणाऱ्या व्याधापासून धर्म शिकतो. तो व्याध स्वतः प्राणिवध करीत नाही, मांस भक्षण करीत नाही. कुलपरंपरेने आलेले कर्म प्रामाणिकपणे करतो आणि वृद्ध मातापित्यांस दैवत मानतो. हे निरूपण करताना दुपारचे उपरणे मला आठवले आणि शब्द कंठात अडखळले. कौशिकाने व्याधाच्या दुकानासमोर उभे राहून श्रवण केले. मी मात्र अंगणातूनच मागे फिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी त्याच अंगणात जाऊन बसलो आणि आजींस सारे विचारून घेतले.

बोंबलास मीठ लागत नाही. ताजा बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात. ऊन आणि खारा वारा त्यांतील पाणी तीन-चार दिवसांत शोषून घेतात. जवळा स्वच्छ जागेवर पातळ पसरून वारंवार हलवितात. सुरमई, घोळ यांसारखी मोठी मासळी मात्र मिठावाचून टिकत नाही. ती चिरून, आतडी काढून, स्वच्छ धुवून तिला जाडे मीठ चोळतात. तीन-चार भाग मासळीस एक भाग मीठ, या मानाने थरावर थर रचतात. मीठ आतले पाणी ओढून घेते. ते निथळू देऊन मग तुकडे उन्हात घालतात. मीठ कमी पडले वा ऊन अपुरे मिळाले, तर माशी बसते, बुरशी येते आणि सारे श्रम वाया जातात. पुढे पावसाची उघडीप मिळाली की साठवणीस पुन्हा ऊन दाखवावे लागते.

रांधण्यातही तितकीच दक्षता असते. बोंबलाचे डोके व शेपटी काढून तुकडे तव्यावर कोरडे भाजतात, गरम पाण्यात धुतात आणि मग कांदा, लाल तिखट, कोकम घालून कालवण करतात. सोबत बटाटा वा वांगे. जवळा निवडून, रेती जाईपर्यंत धुतात. खारी मासळी भिजत घालून पाणी बदलतात आणि चव पाहिल्यावाचून वरून मीठ घालीत नाहीत.

ही विद्या प्राचीन आहे. अमरकोशात शुष्क मांसास ‘वल्लूर’ असा स्वतंत्र शब्द आहे. चरकसंहितेने वल्लूर पचनास जड ठरवून त्याचे नित्य सेवन करू नये असे सांगितले. परंतु त्याच पंक्तीत वाळविलेल्या भाज्याही बसविल्या आहेत! आमच्या घरी गच्चीवर सांडगे आणि कुरडया वाळतात, त्या याच वैशाखातील उन्हात. साठवणीचा धर्म दोन्ही घरी एकच.

आणि ही साठवण कशासाठी? पावसाळा हा कित्येक जातींच्या मासळीचा प्रजननकाळ. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. शासनाचा नियम अलीकडचा. उधाणलेल्या दर्यास विश्रांती देण्याची रीत मात्र जुनी. बंदी उठली तरी नारळ अर्पण केल्यावाचून नौका न लोटणारी घरे आजही आहेत. घरात सुकी मासळी असेल तरच हा संयम निभावतो. रिकाम्या डब्यावर व्रत चालत नाही.

म्हणूनच अवेळी आलेला पाऊस या घरांवर मोठा आघात करतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, ते नेमके साठवणीच्या दिवसांत. अशा वेळी चार महिन्यांची बेगमी एका रात्रीत भिजून जाऊ शकते. आपण पंचांगात नारळी पौर्णिमा पाहतो; त्या गृहिणीची दृष्टी वैशाखापासूनच आभाळाकडे लागलेली असते.

मी आजही शाकाहारीच आहे आणि कोणी आपला आचार सोडावा असे माझे म्हणणे नाही. परंतु दुसऱ्याच्या चुलीकडे नाक मुरडून पाहणे हा धर्म नव्हे, एवढे त्या अंगणाने मला शिकविले. ज्या व्यासांनी धर्मव्याधाची कथा सांगितली, त्यांची माता सत्यवती कोळ्याच्याच घरी वाढली होती, हेही विसरता कामा नये.

आज नारळीभाताचा पहिला घास घेताना त्या वलांडीवरील हातांचे स्मरण करावे. दर्या शांत होवो, आणि गेलेली प्रत्येक नौका सुखरूप परत येवो, हीच सागरचरणी प्रार्थना!