दगड, वीट आणि शेवटचं बटण

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातून रवींद्र वायकर निवडून आले ते अवघ्या ४८ मतांनी. चाळीच्या एका मजल्यावर एवढे मतदार सहज सापडतात. त्याच मतदारसंघात १५,१६१ जणांनी नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं, बटण दाबलं होतं. निकाल फिरवायला लागली असती त्याच्या तीनशे पटींहून जास्त मतं.

त्या पंधरा हजारांना मी दोष देणार नाही. मुख्य लढत एकाच शिवसेनेच्या दोन तुकड्यांत होती. यातल्या कुणालाही मत दिलं तरी त्याआधीच्या दोन वर्षांतल्या फोडाफोडीच्या राजकारणाला आपण मान डोलावल्यासारखं होईल, असं एखाद्याला मनापासून वाटलं असेल, तर त्याने काय करावं? दुसरीकडे प्रत्येक निवडणुकीत घरातलं कुणीतरी वडीलधारं सांगतंच, अरे, दगडापेक्षा वीट मऊ. दोघांतला एक येणारच आहे, मग निदान कमी लागणारा निवड. हे बोलणं भित्रेपणाचं नाही. त्यात संसाराचा हिशेब आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

शेवटचं ते बटण मुळात आलं कसं, हे पाहायला हवं. पूर्वीही मत न देण्याचा हक्क होता, पण तो चारचौघांत बजावावा लागे. नियम ४९-ओप्रमाणे केंद्राध्यक्षाला सांगायचं की मला मत द्यायचं नाही. मग तो नोंदवहीत तसा शेरा लिहिणार आणि तुम्ही त्यापुढे सही किंवा अंगठा करायचा. पोलिंग एजंट तिथेच बसलेले. लहान गावात असं करायला छाती लागे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००४मध्ये याविरुद्ध याचिका केली. नकारही गुप्तच राहिला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिला आणि त्याच वर्षाअखेरच्या विधानसभा निवडणुकांत हे बटण यंत्रावर आलं. लोकांची नापसंती आकड्यांत दिसली की पक्ष चांगले उमेदवार देतील, अशी न्यायालयाची आशा होती.

मात्र नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेत काहीही घडत नाही. त्याच्या खालोखाल असलेला उमेदवार विजयी होतो. इंदूरमध्ये २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा नोटाला २,१८,६७४ मतं पडली. एवढा मोठा निषेध झाला आणि खासदार लाखोंच्या फरकाने निवडून आला.

लातूर ग्रामीणची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत तिथे काँग्रेसचे धीरज देशमुख सुमारे १ लाख ३५ हजार मतं घेऊन जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आला नोटा, २७,५०० मतांनी. शिवसेनेचा उमेदवार त्याच्याही मागे. आता या मतांना तत्त्वाची मतं म्हणायचं का? युतीच्या वाटपात जागा शिवसेनेला सुटली आणि तिथे ताकद असलेल्या भाजपचे कार्यकर्ते नाराज झाले होते. तेव्हा यातली बरीच मतं रुसव्याची असावीत, असं मानायला जागा आहे. काही खरोखरच दोघांनाही विटलेल्यांची असतील. यंत्र ही दोन्ही माणसं एकाच आकड्यात मिसळतं. नोटाची मला सगळ्यांत मोठी उणीव वाटते ती हीच: नकार पोचतो, कारण पोचत नाही. कारण पोचवायचं तर मतदानाच्या आधी बोलावं लागतं. उमेदवारी ठरत असताना पक्षाच्या माणसाला गाठून सांगावं लागतं, की हा माणूस दिलात तर आमच्या वाडीतलं मत धरू नका.

म्हणून मतदानाला निघण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. या दोघांपैकी कुणीही आला तरी मला, आणि माझ्याहून दुबळ्या माणसाला, सारखंच सोसावं लागणार आहे का? उत्तर हो असेल तर नकाराचं बटण दाबताना माझा हात थरथरत नाही. पण एकाच्या येण्याने कुणाचं रेशन, कुणाचं घर, कुणाची सुरक्षितता जाणार असेल, तर माझ्या मनाच्या स्वच्छतेची किंमत दुसरा भरतो. तेव्हा मी वीट निवडते, आणि ती वीटच आहे हे पुढची पाच वर्षं विसरत नाही.

नकाराला वजन देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये काढला. नकाराला असा परिणाम असेल तर उमेदवार देणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागेल. विधानसभा आणि लोकसभेलाही हीच तरतूद हवी, असं मला ठामपणे वाटतं.

लातूर ग्रामीणमध्ये २०२४ साली भाजपने स्वतःचा उमेदवार दिला, रमेश कराड. पाच वर्षांपूर्वी एकतर्फी जिंकलेले धीरज देशमुख या वेळी सुमारे साडेसहा हजार मतांनी हरले. नोटाकडे गेलेले साडेसत्तावीस हजार त्या दिवशी कुठे गेले, याची नोंद कुठल्याच यंत्रात नाही.