नोकरीचा अर्ज आणि कव्हर लेटर



मंडळाच्या कार्यक्रमाला नवीन आलेले कुटुंब भेटले, की ‘मूळचे कुठले?’ हा पहिला प्रश्न आणि ‘नोकरीचे काय?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला आवाज जरा खाली येतो. ‘साठ-सत्तर ठिकाणी पाठवले, कुणाचे उत्तर नाही.’ तिकडे आईवडिलांना मात्र फोनवर सगळे छान चालल्याचे सांगितलेले असते. अशा मंडळींची पत्रे आम्ही स्वयंसेवक म्हणून वाचून देतो. त्यात वारंवार दिसणाऱ्या काही गोष्टी इथे सांगत आहोत.

आधी आमचीच चूक सांगतो. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आम्ही इथे आलो आणि पहिले कव्हर लेटर लिहायला बसलो, तेव्हा शाळेत गिरवलेला अर्जच इंग्रजीत कागदावर उतरला. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, मग पदव्यांची यादी, मग प्रबंधाचे दोन ओळींचे शीर्षक, आणि शेवटी ‘संधी दिल्यास सदैव ऋणी राहीन’. खाली जन्मतारीख आणि विवाहित असल्याची नोंदही होती! शेजारच्या एका कॅनेडियन गृहस्थांनी ते वाचले आणि म्हणाले, ‘तुम्ही खूप शिकलेले आहात हे कळले. सोमवारी सकाळी कामावर येऊन काय कराल, ते काही कळले नाही.’

आपल्याकडे अर्ज म्हणजे विनंती. देणारा वर, मागणारा खाली. इथले पत्र म्हणजे त्यांच्या जाहिरातीला दिलेले उत्तर. त्यांना एक काम करून हवे आहे, आणि ते आपण पूर्वी केले आहे, एवढेच सांगायचे. नम्रता सोडायची नाही, पण अजिजीही नको.

आता पत्रात काय असावे ते पाहू.

पहिली गोष्ट, जाहिरात दोनदा वाचा आणि कामाच्या शब्दांखाली रेघ ओढा. समजा, औषध कंपनीला क्वालिटी कंट्रोलमध्ये केमिस्ट हवा आहे आणि जाहिरातीत एचपीएलसी, मेथड व्हॅलिडेशन, जीएमपी हे शब्द आहेत. आमच्याकडे येणाऱ्या पत्रात असते, ‘मला आठ वर्षांचा अनुभव असून मी कष्टाळू व प्रामाणिक आहे.’ असे तर प्रत्येकच उमेदवार लिहितो. त्याऐवजी लिहा, ‘निर्यातीची औषधे बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षे एचपीएलसीवर रोजची तपासणी केली. चार नव्या पद्धती आयसीएचच्या नियमांप्रमाणे व्हॅलिडेट केल्या. अमेरिकन एफडीएचे निरीक्षक आले तेव्हा प्रयोगशाळेची कागदपत्रे मी दाखवली.’ अर्थात जे खरे असेल तेच लिहायचे. आयसीएचची मार्गदर्शक तत्त्वे हेल्थ कॅनडाही वापरते. म्हणजे काम कुरकुंभच्या एमआयडीसीत केले असले, तरी त्यामागचे नियम इथे चालतात तेच आहेत. पण हे आपण सांगितल्याशिवाय वाचणाऱ्याला कळायचे कसे?

दुसरी गोष्ट संस्थांच्या नावांची. माटुंग्याचे यूडीसीटी (आताचे आयसीटी) किंवा पुण्याची एनसीएल म्हटले, की आपल्याकडे कुणी पुढचे विचारत नाही. इथे बहुतेकांना ती अक्षरे अनोळखी. ‘भारताची राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा, स्थापना १९५०’ एवढी अर्धी ओळ पुरते. डब्ल्यूईएसकडून पदवीचे मूल्यांकन झाले असेल, तर तेही एका वाक्यात लिहा. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात काम करायचे असेल, तर डब्ल्यूएचएमआयएसचे प्राथमिक प्रशिक्षण घेऊन त्याचा उल्लेख करावा. घातक रसायनांच्या हाताळणीची ही पद्धत कॅनडात १९८८ पासून आहे. प्रशिक्षण काही तासांचेच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे काय गाळायचे. वय, लग्न, मुले, धर्म, वडिलांचे नाव, फोटो यांतले काहीही नको. पत्र एका पानाचे. सुरुवातीला व्यक्तीचे नाव माहीत असेल तर ते, नसेल तर ‘डिअर हायरिंग मॅनेजर’. शेवटी भेटून बोलायला आवडेल असे लिहून फोन नंबर द्यावा आणि थांबावे.

हे सगळे करूनही उत्तर येत नाही, असे होतेच. टोरोंटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपूलस यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टोरोंटोतल्या जाहिरातींना त्यांनी बनावट उमेदवारांचे हजारो रेझ्युमे पाठवले. इंग्रजी नाव आणि कॅनडातले शिक्षण व अनुभव असेल तर शंभरातल्या सोळांना बोलावणे आले. भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नाव आणि सगळे शिक्षण-अनुभव परदेशी असेल तर पाचांना. नाव तेच ठेवून अनुभव तेवढा कॅनडातला दाखवला, की पाचाचे अकरा झाले. म्हणजे दोष सगळा तुमच्या इंग्रजीचा नव्हता. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये ‘कॅनेडियन अनुभवा’च्या अटीविरुद्ध धोरण जाहीर केले. १ जानेवारी २०२६ पासून तर २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ओंटारिओतील मालकांना जाहीर जाहिरातीत ही अट घालायला कायद्याने बंदी आहे. अट कागदावरून गेली म्हणून मनातून जाईलच असे नाही. म्हणूनच आपले काम त्यांच्या ओळखीच्या शब्दांत मांडणे अधिक गरजेचे.

नाव बदलावे का, डॉक्टरेट लपवावी का, असे बरेच जण विचारतात. ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही नाव ठेवले. डॉक्टरेट रेझ्युमेत ठेवली, पण पत्रात तिला पहिल्या ओळीत बसवले नाही. तिथे हाताने केलेले काम लिहिले. त्यानंतर मुलाखतीची बोलावणी येऊ लागली. एकदम नाही, हळूहळू.

पुढच्या कार्यक्रमाला पत्राचा मसुदा आणि सोबत जाहिरातही घेऊन या. चहाच्या टेबलाशी आम्ही पेन घेऊन बसलेलो असू. साठ नकार आले असतील तरी संकोच करू नका. आमच्याही घरात तशा पत्रांची एक फाईल आहे.