अंदाज न बांधणारी स्क्रिप्ट

अँग्युलर या वेब फ्रेमवर्कची 14वी आवृत्ती जून 2022मध्ये आली आणि फॉर्म लिहिणाऱ्यांची जुनी मागणी पुरी झाली. फॉर्ममधून येणारी किंमत मजकूर आहे, आकडा आहे की होय-नाही, हे कंपायलरला कळावं, अशी ती मागणी 2016पासून गिटहबवर पडून होती. तोवर फॉर्मच्या बाबतीत सगळीकडे ‘एनी’ होतं. काहीही चालायचं, चुकीचंही.

पण वर्षानुवर्षं चालत आलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये फॉर्म ढिगाने असतात. प्रकार एकदम सक्तीचे झाले असते तर अपग्रेडच्याच दिवशी बिल्ड एररनी भरून गेला असता. अँग्युलरच्या टीमने यावर काढलेला तोडगा मला मनापासून पटतो: अपग्रेडसोबतच जुना कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट.

अपग्रेडसाठी ‘एनजी अपडेट’ चालवताना गिटमध्ये अर्धवट बदल पडून असतील, तर कमांड सुरुवातीलाच अडते: आधी ते आवरा. ही अट योग्यच आहे. त्यामुळे नंतर दिसणाऱ्या डिफमध्ये आपल्या हातचं काही मिसळत नाही. मग टर्मिनलवर बदललेल्या फाइलींची नावं एकेक करून सरकत जातात. डिफ उघडला की ‘फॉर्मग्रुप’च्या जागी ‘अनटाइप्डफॉर्मग्रुप’, ‘फॉर्मकंट्रोल’च्या जागी ‘अनटाइप्डफॉर्मकंट्रोल’ आणि वर इम्पोर्टच्या ओळीतही तोच बदल. नुसतं शोधा-आणि-बदला केलं असतं तर कॉमेंटमधला शब्दही बदलला असता. ही स्क्रिप्ट टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला विचारते, की हे नाव खरोखर अँग्युलरच्या फॉर्म्स पॅकेजमधून आलं आहे का? आलं असेल तरच हात लावते. त्याच नावाचा आपला एखादा क्लास असला तर तो जसाच्या तसा राहतो.

सुरुवातीची किंमत रिकामी स्ट्रिंग आहे म्हणजे मजकूरच असणार, असा अंदाज स्क्रिप्टला बांधता आला असता. ती बांधत नाही. जुन्या कोडने तिथे पुढे काय भरलं असेल याचा भरवसा नसतो. म्हणून ‘इथला प्रकार ठरलेला नाही’ असं ती प्रत्येक ठिकाणी उघड लिहून ठेवते. फॉर्म कालसारखाच चालतो आणि राहिलेलं काम नावानिशी शोधता येतं.

पुढचं काम माणसाचं. मी एका वेळी एकच फॉर्म घेते आणि ‘अनटाइप्ड’ काढून टाकते. एका पत्त्याच्या फॉर्ममध्ये तसं करताच कंपायलरने पिनकोडच्या ओळीवर बोट ठेवलं. कंट्रोलमध्ये पिनकोड मजकूर म्हणून येत होता आणि खाली त्याची तुलना 411004 या आकड्याशी, तीही तीन बरोबरच्या चिन्हांनी केलेली. ती अट कधीच खरी होणार नव्हती. ‘एनी’च्या पांघरुणाखाली ते खपून गेलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ ‘नल’ खातो. फॉर्म रीसेट केला की कंट्रोलची किंमत नल होते, म्हणून साध्या मजकुराचा प्रकारही ‘स्ट्रिंग किंवा नल’ असा निघतो. रीसेटनंतर मूळ किमतीवर परतायचं असेल तर ‘नॉननलेबल’ लिहावं लागतं. हा निर्णय यंत्राचा नाही. रीसेटचं बटण दाबल्यावर समोरच्याला काय दिसायला हवं, ते ठाऊक असावं लागतं. कंट्रोल नुसत्या नलने सुरू केला असेल, तर आणखी गंमत: कंपायलर समजतो की यात नलशिवाय काही येणारच नाही, आणि पुढे स्ट्रिंग भरू देत नाही. तिथे प्रकार हाताने लिहायचा. डिसेबल केलेला कंट्रोल फॉर्मच्या ‘व्हॅल्यू’तून गळतो, त्यामुळे तिथलं प्रत्येक फील्ड ‘अनडिफाइन्ड’ही असू शकतं, सगळं हवं असेल तर ‘गेट रॉ व्हॅल्यू’.

एक जागा मात्र कंपायलरच्या नजरेबाहेर राहते. आकड्याचा प्रकार दिलेला कंट्रोल टेम्प्लेटमध्ये साध्या मजकुराच्या इनपुटला जोडला, तरी कंपायलर हरकत घेत नाही, आणि वापरणाऱ्याने टाइप केलेलं आत स्ट्रिंग म्हणूनच येतं. म्हणून प्रकार लिहिताना मी शेजारी एचटीएमएलची फाइल उघडी ठेवते आणि इनपुटचा प्रकार स्वतः वाचून घेते.